पाण्याला विरजण

(मंडळाच्या उन्हाळी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं बरीचशी तशीच ठेवली आहेत.)



कार्यकारिणीने 'छंदाबद्दल बोला' म्हणून मला उभं केलंय आणि माझ्यानंतर थेट बटाटेवडे आहेत. तेव्हा नमनाला घडाभर तेल घालत नाही. पोटापाण्यासाठी मी आयटी कन्सल्टंट आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या सिस्टिम्स का बंद पडल्या ते शोधायचं, हा धंदा. संध्याकाळी घरी आलो की वीस गॅलनच्या एका काचेच्या टाकीसमोर बसतो. गोड्या पाण्यातले पंधरा मासे, थोड्या पाणवनस्पती आणि फिल्टरचा बारीक आवाज. एवढाच माझा छंद.

आपल्यापैकी बऱ्याच जणांचा माशांशी संबंध दोनच ठिकाणी आला. एक, मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ साली सुरू झालेलं तारापोरवाला मत्स्यालय, आणि दुसरं जेवणाचं ताट. (हशा झाला, म्हणजे कोकणातली मंडळी जागी आहेत!) घरात मासे पाळायचा विचार बहुतेकांच्या मनात इथे आल्यावर, आणि तोही मुलांमुळे येतो. अपार्टमेंटमध्ये कुत्रा चालत नाही, मांजराची कुणाला तरी अॅलर्जी असते, मग काय, मासे!

गेल्या वर्षभरात मंडळातल्या चार-पाच घरांतून मला फोन आले. सगळ्यांची कहाणी एकच. शनिवारी मुलं हट्ट धरतात. शनिवारीच टाकी येते आणि शनिवारीच मासे. सोमवारी पाणी ताकासारखं दिसायला लागतं. गुरुवारी पहिला मासा आडवा. पुढच्या रविवारपर्यंत टाकी रिकामी. एका घरात तर मुलगी शाळेत असताना बाबांनी अगदी तसाच मासा गुपचूप आणून ठेवला. तोही पाच दिवसांत गेला. मग त्या सहा वर्षांच्या मुलीने आईला विचारलं, "मी त्याला जास्त त्रास दिला का गं?"

मंडळी, मला त्या प्रश्नाचं वाईट वाटलं. त्या मुलीचं काहीच चुकलेलं नव्हतं. आई-बाबांनीही टाकी घासून लख्ख ठेवली होती. त्यांना कुणी एक गोष्ट सांगितली नव्हती, आणि ती सांगायला फार तर पंधरा मिनिटं लागतात. म्हणून आज मी तुमच्या उत्साहावर विरजण घालायला उभा आहे. विरजण हा शब्द मुद्दाम वापरलाय. का, ते लगेच कळेल.

मासा पाण्यातच राहतो, पाण्यातच जेवतो आणि बाकीचे विधीही पाण्यातच उरकतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडत असतो. खाली पडलेलं खाणं आणि सडलेली पानं यांचाही शेवटी अमोनियाच होतो. नदीत किंवा तळ्यात पाणीच इतकं असतं की तो विरून जातो. आपल्या टाकीत पाणी किती? वीस गॅलन, म्हणजे साधारण ७५ लिटर. तिथे तो साठत जातो. पाणी दिसायला काचेसारखं असतं, पण माशाचे कल्ले जळत असतात. 'पाणी तर स्वच्छ होतं हो!' असं लोक म्हणतात. बरोबर आहे, पण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

निसर्गाने यावर उपाय करून ठेवलाय. एक प्रकारचे जिवाणू अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच. ते रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करतं, रक्त तपकिरी पडतं आणि मासा भरपूर हवा असलेल्या पाण्यातही गुदमरतो. मग दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने गरीब. थोडं असलं तर मासे सहन करतात, वनस्पती ते खातात आणि उरलेलं आपण पाणी बदलताना बाहेर काढतो.

जुन्या पुस्तकांत या दुसऱ्या टोळीचं नाव नायट्रोबॅक्टर असं दिलेलं असतं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या संशोधनातून दिसलं की मत्स्यालयांत हे काम मुख्यतः नायट्रोस्पायरा नावाचे जिवाणू करतात. आणि २०१५ साली तर असंही सिद्ध झालं की काही नायट्रोस्पायरा दोन्ही पायऱ्या एकटेच पार पाडतात. आपल्या सरकारी भाषेत सांगायचं तर एक खिडकी योजना!

आता गंमत बघा. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते चिकटून राहतात. फिल्टरच्या स्पंजला, तळाच्या खडीला, पानांना. दुकानातून आणलेल्या कोऱ्या टाकीत ते जवळजवळ नसतातच, आणि त्यांची वाढ फार संथ असते. दुधाचं दही एका रात्रीत होतं. इथे कोऱ्या टाकीत पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. शनिवारी टाकी आणि शनिवारीच मासे, म्हणजे दुधात विरजण न घालताच सकाळी वाटी घेऊन बसण्यासारखं आहे. फरक एवढाच की इथे दही न लागल्याची किंमत मासा मोजतो.

एवढं एक लक्षात राहिलं तरी माझं भाषण कामी आलं. आधी पाणी पाळायचं, मग मासे. आता ते कसं करायचं, ते क्रमाने सांगतो.

पहिला प्रश्न, टाकी केवढी? नवशिक्याला वाटतं, लहान टाकी म्हणजे कमी काम. उलट आहे. पाणी जितकं कमी तितकं ते लवकर बिघडतं. गोल वाडग्यात गोल्डफिश हे चित्र सिनेमात छान दिसतं, पण गोल्डफिश नीट वाढला तर आठ-दहा इंचांचा होतो, दहा-पंधरा वर्षं जगतो आणि घाण भरपूर करतो. वाडगा म्हणजे त्याच्यासाठी कोंडवाडा. सुरुवातीला वीस गॅलनची टाकी घ्या, त्यातही तीस इंच लांब आणि बुटकी मिळाली तर उत्तम. माशांना उंचीपेक्षा लांबीचा उपयोग जास्त.

ठेवायची कुठे? वीस गॅलन पाण्याचंच वजन १६७ पौंड होतं. काच आणि खडी धरली की दोनशेच्या वर. तेव्हा टीव्हीखालचं हलकं टेबल चालणार नाही. आपण बे एरियात, म्हणजे भूकंपाच्या प्रदेशात राहतो. बुटका, रुंद, पक्का स्टँड घ्या आणि लेव्हल लावून बघा. खिडकीतलं थेट ऊन नको, शेवाळ माजतं.

बाकी सामान थोडकंच. टाकीच्या मागे लटकवायचा फिल्टर, १०० वॉटचा हीटर, थर्मामीटर, टायमर लावलेला दिवा, बारीक खडी, झाकण. आणि थेंबांचं टेस्ट किट. ते महाग वाटलं तरी सोडू नका. मॉनिटरिंग नसलेली सिस्टिम मी ऑफिसात कुणाला लाइव्ह करू देत नाही, मग घरी कशी करू देईन? शिवाय अॅन्युबियास किंवा जावा फर्न अशा एक-दोन वनस्पती घ्या. या दोन्ही कमी उजेडात जगतात. फक्त त्यांचं आडवं खोड खडीत पुरू नका, सडतं. दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधून ठेवा.

आता पाणी. इथे काका-काकूंनी जरा लक्ष द्यावं, कारण आपली एक जुनी युक्ती इथे चालत नाही. भारतात आपण नळाचं पाणी बादलीत रात्रभर उघडं ठेवायचो. क्लोरीन उडून जायचा आणि पाणी टाकीत घालता यायचं. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या पाणीपुरवठ्यात २००४ सालापासून क्लोरॅमिन वापरतात, ईस्ट बेमध्ये तर त्याच्याही आधीपासून. क्लोरॅमिन म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांची जोडगोळी. ती बादलीतून रात्रभरात उडून जात नाही. त्यासाठी दुकानात मिळणारं वॉटर कंडिशनर वापरावंच लागतं, आणि तेही क्लोरॅमिन असं स्पष्ट लिहिलेलं. दर वेळी, नव्या पाण्याच्या प्रत्येक बादलीत. ते विसरलं तर मासे तर धोक्यात येतातच, शिवाय महिनाभर जोपासलेले जिवाणूही मरतात.

दुसरं म्हणजे पाण्याचा स्वभाव. सिएरा पर्वतातल्या हेच हेची धरणाचं पाणी बर्फ वितळून आलेलं, फार मऊ, क्षार कमी. सॅन होजेच्या काही भागांत विहिरींचं, म्हणजे जमिनीखालचं पाणी येतं, ते जड. तुमच्या पाणी कंपनीचा वार्षिक अहवाल असतो, त्यात कठीणपणा किती ते दिलेलं असतं. तो आकडा बघा आणि त्याला साजेसे मासे निवडा. बाटल्या ओतून पाणी माशाजोगं करायच्या भानगडीत नवशिक्याने पडू नये. सासर बदलता येत नाही, स्थळ मात्र बघून करता येतं!

आता विरजण लावायचं. टाकी भरा, कंडिशनर घाला, फिल्टर आणि हीटर सुरू करा. तापमान ८० फॅरेनहाइटच्या आसपास ठेवा. दह्याला ऊब लागते तशी यांनाही लागते. टाकीत मासा एकही नाही. मग जिवाणूंना खायला काय? शुद्ध अमोनियम क्लोराइडचं द्रावण मत्स्यालयाच्या दुकानांत मिळतं. बाटलीवरच्या मापाने ते इतकं घाला की टेस्टमध्ये अमोनिया २ पीपीएम दिसेल. मग रोज किंवा दिवसाआड मोजत राहा. पहिला आठवडाभर काहीच होत नाही. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा थोडा घाला, टोळीला उपाशी ठेवू नका. मग एके दिवशी नायट्राइटही उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. २ पीपीएम अमोनिया घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य, असं लागोपाठ दोन दिवस दिसलं की समजा, दही लागलं. तीन-चतुर्थांश पाणी बदला, तापमान ७६-७७ वर आणा, आणि दुसऱ्या दिवशी मासे आणायला निघा.

फार मऊ पाणी असेल तर मध्येच पीएच घसरून हे काम थंडावतं. अशा वेळी प्रवाळाचा थोडा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरमध्ये ठेवावा.

कुणी म्हणेल, सहा आठवडे मुलं थांबतात का? आमच्या चिरंजीवांना मी हे सगळं समजावलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, "म्हणजे बाबा, आपण पाणी पाळलंय?" म्हटलं, हो! मग तक्ता करून फ्रिजवर लावला. आमच्या किटमध्ये पिवळा रंग म्हणजे अमोनिया शून्य आणि निळा म्हणजे नायट्राइट शून्य. रोज संध्याकाळी थेंब मोजून टाकायचे, पाच मिनिटं थांबायचं आणि जो रंग येईल तो खडूने तक्त्यात भरायचा. रविवारच्या मराठी शाळेत स्वारीने जाहीर केलं की आमच्याकडे न दिसणारे प्राणी आहेत! सहा आठवड्यांत एक मासा न आणता तो जितकं शिकला, तितकं मी पाचवीच्या विज्ञानात शिकलो नव्हतो.

बाटलीतले तयार जिवाणूही विकत मिळतात. काही खरंच उपयोगी पडतात, काहींचा उपयोग दुकानदारालाच. निकाल टेस्ट किटने द्यायचा, जाहिरातीने नव्हे. पण सगळ्यांत उत्तम विरजण कोणतं? आपल्याकडचंच! शेजारणीकडून वाटीभर विरजण आणतो, तसा मुरलेल्या निरोगी टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा आणायचा आणि तो ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. चार-सहा आठवड्यांचं काम बऱ्याचदा एक-दोन आठवड्यांत होतं. तरी टेस्ट करायचीच.

आता मासे कोणते? इथे 'उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग' होऊ देऊ नका. दुकानात दीड इंचाचा दिसतो तो प्लेको, म्हणजे आपल्याकडे ज्याला सकर म्हणतात तो, फूटभराहून मोठा होतो. ऑस्करही तसाच. लेबलवर पूर्ण वाढ किती ते वाचा. वाचता येत नसेल तर घेऊ नका.

वीस गॅलनच्या टाकीसाठी मी दोन साधे बेत सुचवतो. जड पाणी असेल तर आठ झेब्रा डॅनिओ आणि चार-पाच प्लॅटी. किंवा गप्पी. आपल्याकडे महानगरपालिकेचा मलेरिया विभाग डासांच्या अळ्या खायला विहिरी-हौदांत जे सोडतो, तेच हे गप्पी मासे. गप्पी आणि प्लॅटी थेट पिल्लं देतात, आणि इतकी देतात की सहा महिन्यांत घरोघर वाटत फिरावं लागतं. म्हणून फक्त नरच घ्या. मऊ पाणी असेल तर आठ चेरी बार्ब, तळाशी फिरणारे सहा कोरीडोरास आणि एक हनी गुरामी. आमच्याकडे हाच बेत आहे. कोरीडोराससाठी खडीऐवजी वाळू बरी, ते मिशा खुपसून तळ धुंडाळतात.

यातला झेब्रा डॅनिओ आपला देशबंधू बरं का! गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याची नोंद केली. आज जगभरच्या प्रयोगशाळांत आनुवंशिकतेच्या अभ्यासासाठी तो वापरतात. आपल्यासारखाच, परदेशी लॅबमध्ये नाव काढणारा!

दुसरा एक देशबंधू इथल्या दुकानांत 'रोझलाइन शार्क' नावाने दिसेल. अंगावर काळा पट्टा आणि त्यावर लाल रेघ, फार देखणा. शार्कशी त्याचा काही संबंध नाही. तो डेनिसन बार्ब, केरळ आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत राहणारा, तिकडे 'मिस केरळ' म्हणतात. २०१३ साली शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी जी नवी प्रजाती ठरवली तिचं नाव ठेवलं 'सह्याद्रिया', आणि त्या शास्त्रज्ञांमध्ये पुण्यात काम करणारे नीलेश डहाणूकरही होते. जगभरच्या शौकिनांसाठी ओढ्यांतून तो इतका पकडला गेला की आज धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत त्याचं नाव आहे. कॅलिफोर्नियातल्या दुकानात सह्याद्रीचं नाव लावणारा मासा दिसला की मन भरून येतं, हे खरं. पण त्याला कळप लागतो, चार फुटांची टाकी लागते. वीस गॅलनमध्ये तो नको. पुढे कधी मोठी टाकी केलीत तर पैदास केंद्रातला आहे का, हे विचारून मगच घ्या.

मासे एकदम सगळे आणू नका. आधी एक कळप, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा. जिवाणूंची संख्याही खाणाऱ्या तोंडांप्रमाणे वाढावी लागते. पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घाला आणि शेवटी मासा जाळीने उचलून सोडा. दुकानाचं पाणी टाकीत ओतू नका, त्याबरोबर रोग येतात.

आता आपला खास मराठी दोष. आग्रह! 'अजून एक घे ना' हे आपल्या रक्तात आहे. पाहुणे आले की प्रत्येक जण चिमूटभर खाणं टाकतो. माशाचं पोट त्याच्या डोळ्याएवढं असतं, असं ढोबळमानाने समजा. दिवसातून एकदा किंवा दोनदा, दीड-दोन मिनिटांत संपेल इतकंच द्यायचं. आठवड्यातून एक दिवस उपास. आमच्याकडे सोमवार असतो, साबुदाणाही मिळत नाही!

आठवड्याला अर्धा तास काम. पाव टाकी पाणी सायफनने काढायचं, खडीतली घाण ओढून घ्यायची, तेवढंच नवं पाणी, कंडिशनर घालून आणि तापमान जुळवून, परत भरायचं. दिवा सात-आठ तास पुरे. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळून घ्यायचा. नळाखाली धरायचा नाही. खोक्यावर 'कार्ट्रिज दर महिन्याला बदला' असं लिहिलेलं असतं. बदललं की विरजणच केराच्या टोपलीत गेलं, आणि पुन्हा पहिला दिवस. आपल्या बायकांना घर लख्ख लागतं, पण टाकीच्या बाबतीत थोडी कळकट शिस्तच बरी. (हे वाक्य घरी गेल्यावर मला महागात पडणार आहे.)

एक सूचना विजेची. २०१९ सालच्या शरदात वणव्यांच्या भीतीने कॅलिफोर्नियात मोठ्या भागाची वीज मुद्दाम बंद ठेवली होती, काही ठिकाणी दिवसन् दिवस. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घरात असू द्या. फिल्टर तासन् तास बंद राहिला की त्यातले जिवाणू हवेविना गुदमरतात.

आणि आता सगळ्यांच्या मनातला प्रश्न. इंडिया ट्रिप! चार-पाच आठवडे आपण पुण्या-मुंबईत, मासे इथे. मोठे निरोगी मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात. त्याहून जास्त दिवस असतील तर खाणं देणारं स्वयंचलित यंत्र लावा, पण जायच्या दोन आठवडे आधी, म्हणजे ते किती टाकतं ते बघता येईल. शेजाऱ्याला किल्ली द्यायची असेल तर खाण्याचा डबा लपवून ठेवा! औषधाच्या गोळ्यांचा वारांचा डबा मिळतो, त्यात एकेका दिवसाचं खाणं मोजून भरा. दर दहा दिवसांनी कुणीतरी पाणी बदलून द्यावं. मंडळात माशांची घरं वाढली तर हे आपण एकमेकांसाठी करू शकतो. कुंडीतल्या तुळशीला पाणी घालतोच ना?

शेवटचा मुद्दा जरा गंभीर आहे. नोकरी बदलली, परत जायचं ठरलं किंवा मासा टाकीत मावेना, तर लोक म्हणतात, 'सोडून देऊ तळ्यात, बिचारा मोकळा होईल.' मंडळी, विसर्जन गणपतीचं करतात, माशाचं नाही. लेक टाहोमध्ये २०१३ साली संशोधकांना फूटभराहून लांब गोल्डफिश सापडले. ते कुणाच्या तरी घरातलेच. ते तिथल्या मूळच्या जीवांचं अन्न खातात, पाणी गढूळ करतात. २०२१ साली दुकानांत विकायला आलेल्या शेवाळाच्या गोळ्यांतून झेब्रा मसल नावाचे उपद्रवी शिंपले अमेरिकेच्या अनेक राज्यांत पोचल्याचं उघड झालं. आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर उजनी धरणातली चिलापी. मूळची आफ्रिकेची, आणि आज तिथल्या जाळ्यांत तीच भरते. तेव्हा मासा दुसऱ्या शौकिनाला द्या, दुकानाला परत द्या, पण ओढ्यात, तळ्यात किंवा संडासात सोडू नका. टाकीचं पाणीही झाडांना घाला. गुलाब खूश होतात.

एवढं सगळं केल्यावरही मासा कधीतरी मरणारच. गप्पी दोनेक वर्षं जगतो, डॅनिओ तीन-चार. तेव्हा मुलांपासून लपवू नका आणि गुपचूप दुसरा आणून ठेवू नका. इथे आपल्या मुलांच्या घरात आजी-आजोबा नसतात. म्हातारपण, आजारपण, जाणं, हे सगळं त्यांना फोनवरून कळतं, नाहीतर रात्री उशिरा आई-बाबांच्या कुजबुजीतून. एक मासा म्हातारा झाला, मंद झाला, मग एके सकाळी गेला, आणि आपण त्याला अंगणात झाडाखाली पुरलं, हे मुलाने डोळ्यांनी पाहिलं तर त्यात वाईट काही नाही. फक्त तो म्हातारा होऊन जायला हवा, पाचव्या दिवशी कल्ले जळून नव्हे. पहिल्या प्रकारात मुलाला दुःख होतं. दुसऱ्यात त्याला वाटतं, आपल्यामुळे झालं. यातलं पहिलं आपण टाळू शकत नाही. दुसरं मात्र टेस्ट किट आणि सहा आठवड्यांच्या धीराने नक्की टळतं.

तर मंडळी, माझ्या फिल्टरमध्ये मी नेहमी दोन स्पंज जास्तीचे ठेवतो. टाकी लावायची असेल त्यांनी आधी मला सांगा. टाकी भरा, दोन दिवस हीटर चालवून बघा, आणि मग झाकणाचा डबा घेऊन या. स्पंज टाकीच्या पाण्यातच घालून देईन. तासाभरात घरी नेऊन फिल्टरमध्ये ठेवा. त्याचे पैसे नाहीत. अट एकच. सहा महिन्यांनी तुमची टाकी मुरली की तुम्हीही तुमच्या फिल्टरमध्ये एक स्पंज जास्तीचा ठेवायचा, आणि मंडळातलं पुढचं घर विरजण मागायला आलं की 'नाही' म्हणायचं नाही.